टर्बो बसवाल, पण एक्झॉस्टचं दार कोण लावणार?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं रिबोअर आणि लेथचं काम आहे. आरएक्स १००, म्हणजे यामाहाची ९८ सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल, घेऊन येणाऱ्या पोरांचे प्रश्न ठरलेले असतात. ब्लॉकला अजून एक साइज मिळेल का, पोर्ट मारून देता का, पिस्टन कुठला टिकतो. हल्ली त्यात एकाची भर पडली आहे: ‘काका, टर्बो बसतोय का बघा की.’ टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र. गडहिंग्लजकडचा एक मुलगा तर १.३ लिटरच्या डिझेल गाडीचा टर्बो पोत्यात घालून घेऊनच आला. टर्बो चांगला होता, शाफ्टला प्ले नव्हता. त्याला जे सांगायचं होतं ते एका चहात मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हा प्रश्न मला अजिबात खुळा वाटत नाही. जर्मनीत १९३० च्या दशकात काही फार हुशार माणसांनी याच प्रश्नावर उमेदीची वर्षं घातली आणि त्यांना उत्तरं मिळालीसुद्धा. ती उत्तरं समजून न घेता टर्बो बोल्ट करायला गेलं की मात्र पिस्टनला भोक पडतं.

सुरुवात फोर-स्ट्रोकपासून करू, कारण बहुतेकांच्या डोक्यात टर्बोचं चित्र तिथलं असतं. फोर-स्ट्रोकमध्ये हवा आत येते तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटलेला असतो. दोन्ही उघडे असण्याचा काळ थोडाच. तुम्ही दाबून हवा भरली, इनटेक व्हॉल्व्ह मिटला, की भरलेली हवा सिलिंडरमध्येच राहते. जितका दाब द्याल तितका माल आत.

आरएक्सच्या सिलिंडरला असे व्हॉल्व्ह नाहीत. ब्लॉकच्या भिंतीत दारं कापलेली आहेत आणि त्यांची उघडझाप खुद्द पिस्टन करतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, जळका वायू बाहेर पडायला लागतो, मग ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण वर येतं. पिस्टन परत वर निघाला की हाच क्रम उलटा होतो. आधी ट्रान्सफर बंद, सगळ्यांत शेवटी एक्झॉस्ट. जे दार आधी उघडतं तेच शेवटी मिटतं. पिस्टन एक आणि त्याची कडा एक, त्यामुळे यातून सुटका नाही.

आकड्यांत सांगतो. रेससाठी पोर्ट मारलेल्या एखाद्या ब्लॉकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट पिस्टन वरच्या टोकावरून निघाल्यापासून ९० अंशांवर उघडतो आणि ट्रान्सफर ११८ अंशांवर. म्हणजे वर जाताना ट्रान्सफर मिटल्यावरही २८ अंश एक्झॉस्ट उघडाच. ८००० आरपीएमला हे २८ अंश म्हणजे सेकंदाचा साधारण सतराशेवा भाग. ऐकायला काहीच नाही, पण दाबलेल्या वायूला तेवढा वेळ रग्गड होतो. पिस्टन वर येताना त्याला उघड्या दारातून बाहेर ढकलत असतो. दार मिटायच्या क्षणी सिलिंडरमध्ये जो दाब उरतो तो जवळपास एक्झॉस्ट पाइपातल्या दाबाइतका असतो. इनटेकला तुम्ही अर्धा बार दिला की दीड बार, त्याचा तिथे फारसा संबंध उरत नाही.

टू-स्ट्रोकच्या फोर्स्ड इंडक्शनचा, म्हणजे हवा दाबून भरण्याचा, सगळा विषय माझ्या मते या एका वाक्यात आहे: सिलिंडर किती भरणार हे एक्झॉस्टकडचा दाब ठरवतो. ब्लोअर कुठला, पट्टा कुठून घ्यायचा, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून माझा एक मित्र, जो पॉलिटेक्निकला थर्मल शिकवतो, तो आणि मी मिळून शेडच्या मागच्या बाजूला एक बाक उभा केला. जुन्या आरएक्सचं इंजिन अँगलच्या फ्रेमवर बोल्ट केलं, आउटपुटला ड्रम लावून त्यावर दोर गुंडाळला, दोराचं एक टोक ताणकाट्याला. हवेसाठी करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यातून काढून टाकलेला दूध काढायच्या मशीनचा पंप आणला. आत फिरत्या पट्ट्या असलेला हा पंप एरवी व्हॅक्यूमसाठी वापरतात. आम्ही त्याचं बाहेर फेकायचं तोंड कामाला लावलं आणि त्याला वेगळी विजेची मोटार दिली, म्हणजे पंप चालवायचा भार इंजिनावर यायला नको. मध्ये जुन्या काँप्रेसरची टाकी ठेवली, कारण एका सिलिंडरचं इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढतं आणि टाकी नसेल तर काट्यांचे वाचन धड येत नाही.

पंप मिनिटाला ३०० लिटरच्या आसपास देत होता. ९८ सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला फिरलं तर त्याचं नुसतं स्ट्रोकचं आकारमान मिनिटाला २९४ लिटर होतं, आणि प्रत्यक्षात ते त्याहून बरंच कमी ओढतं. म्हणजे त्या वेगाला आम्ही इंजिनाला स्वतःच्या ओढीपेक्षा चांगलीच जास्त हवा देत होतो. दाब मोजायला पारदर्शक नळीचा यू केला, त्यात रंगीत पाणी. एक मीटर पाणी म्हणजे ०.१ बार. महागडं मीटर घेण्यापेक्षा हे खरं बोलतं.

कार्ब्युरेटर ही वेगळीच लढाई होती. आरएक्सचं पेट्रोल टाकीतून नुसतं उंचीच्या जोरावर खाली येतं. टाकी कार्ब्युरेटरच्या ३० सेंटिमीटर वर असेल तर तो जोर जेमतेम ०.०२ बारचा. म्हणजे कार्ब्युरेटरच्या फ्लोटमध्ये बूस्टचा, म्हणजे पंपाने दिलेला जादा दाब पोचू दिला की ०.०३ बारलाच पेट्रोल यायचं थांबणार, आणि पोचू दिला नाही तर जेटमधून पेट्रोल वर चढणार नाही, उलट हवाच खाली शिरेल. गाडीवर हे करायचं तर बूस्ट धरून वर दाब देणारा पेट्रोल पंप आणि रेग्युलेटर हवाच. बाकावर आम्ही कार्ब्युरेटर पत्र्याच्या बंद पेटीत घातला आणि पेट्रोलच्या डब्याच्या वरच्या तोंडालाही तोच दाब दिला. दोन्हीकडे दाब सारखा झाला की उंचीचा जोर पुन्हा कामाला येतो. दाबाखालचं पेट्रोल आहे, तेव्हा डबा जाड लोखंडी, वाळूच्या बादल्या हाताशी आणि तिसरा माणूस फक्त कॉक बंद करायला उभा. गाडीवर हा प्रकार कुणीही करू नये.

आता बघायचा भाग. एक्झॉस्टला सुरुवातीला नुसता आखूड सरळ पाइप लावला होता. पंप चालू केला. यू नळीतलं पाणी वीतभर हललं आणि तिथेच राहिलं. ताणकाटा जवळपास जागचा हलला नाही. शेडभर मात्र कच्च्या पेट्रोलचा वास सुटला आणि पाइपाच्या तोंडाशी धरलेला पांढरा कागद ओला झाला. दिलेली जादा हवा, तिच्यासोबतचं पेट्रोल आणि ऑइल, सगळं सिलिंडरमधून आरपार.

मग पाइपाच्या टोकाला लोखंडी गेट व्हॉल्व्ह बसवला आणि तो हळूहळू आवळायला घेतला. पाणी चढायला लागलं. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, पुरुषभर. आणि त्याच्यासोबत ताणकाटाही चढला. आवाज बदलला, भरीव झाला. इंजिन तेच, पंप तोच, पेट्रोल तेच. फक्त बाहेरचं दार अर्धवट लोटलं होतं. त्याहून पुढे व्हॉल्व्ह आवळला तेव्हा काटा परत खाली आला, कारण आता जळका वायूच बाहेर पडेना आणि इंजिन एक आड एक पेटायला लागलं. मधली एक जागा होती, जिथे आतला आणि बाहेरचा दाब एकमेकांना सांभाळून होते. ती जागा सापडली त्या दिवशी आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत शेडमध्येच होतो.

गेट व्हॉल्व्हचं हे काम गाडीवर कोण करतं? कारखान्यातून आलेल्या गाडीवर सायलेन्सर करतो. टू-स्ट्रोकचा मधेच फुगलेला पाइप, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, हा आवाज कमी करण्यासाठी नसतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपात धावते. पाइप रुंद होत जातो तिथून ओढ निर्माण करणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला जळका वायू, पाठोपाठ थोडं ताजं मिश्रणही, पाइपात खेचते. पुढे पाइप पुन्हा निमुळता होतो, तिथून दाबाची लाट परतते आणि बरोबर त्या २८ अंशांच्या काळात पोर्टवर येऊन आदळते. बाहेर गेलेलं ताजं मिश्रण परत आत रेटलं जातं आणि पिस्टन दार मिटतो. वरच्या उदाहरणातला एक्झॉस्ट १८० अंश उघडा असतो. ८००० आरपीएमला हा काळ ३.७५ मिलिसेकंद. गरम वायूत लाट सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावते असं धरलं तर जाऊन-येऊन १ मीटर ८७ सेंटिमीटर, म्हणजे पोर्टपासून उलट्या कोनापर्यंतची लांबी ९४ सेंटिमीटर. पुंगळी काढून नुसता पाइप ठेवणाऱ्यांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवतो. त्यांनी जे काढून टाकलेलं असतं तोच त्यांचा सुपरचार्जर, म्हणजे जादा हवा दाबणारा पंप, होता, आणि त्यात एकही फिरता भाग नव्हता.

या पाइपाचा इतिहास सुपरचार्जरशी थेट जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या २५० सीसी रेसिंग गाड्या सुपरचार्ज्ड टू-स्ट्रोक होत्या. त्यांनी दाराचा प्रश्न मुळातूनच सोडवला. एका ज्वलनकक्षाखाली दोन सिलिंडर, दोन पिस्टन. एक पिस्टन फक्त एक्झॉस्ट सांभाळतो, दुसरा फक्त ट्रान्सफर. एक्झॉस्टचा पिस्टन दुसऱ्याच्या थोडा पुढे चालतो, म्हणून एक्झॉस्ट आधी उघडतो आणि आधीच मिटतो. ट्रान्सफर त्यानंतरही काही अंश उघडा राहतो. आता बाहेरून कितीही दाबा, माल जायला वाटच नाही. आणि दाबायला त्यांनी क्रँककेसपाशी वेगळा पंपाचा पिस्टन जोडला होता. १९३८ साली एवाल्ड क्लुगे याने ही गाडी आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या प्रसिद्ध शर्यतीत, लाइटवेट गटात चालवली आणि दुसऱ्या क्रमांकाला ११ मिनिटांहून जास्त मागे टाकलं. टीटी जिंकणारा तो पहिला जर्मन. त्या इंजिनाची पेट्रोलची भूक आणि आवाज, दोन्ही प्रचंड होते. त्याचा छेद दाखवणारं चित्र मी शेडच्या भिंतीवर लावलं आहे. टू-स्ट्रोकमध्ये याहून सुंदर काही मला माहीत नाही.

१९४६ पासून मोटारसायकल रेसिंगमध्ये सुपरचार्जरवर बंदी आली. मग पूर्व जर्मनीत, त्याच डीकेडब्ल्यूच्या चोपाऊ गावातल्या एमझेड कारखान्यात, वॉल्टर काडेन याने दाबाचं काम पाइपातल्या लाटांवर सोपवलं. जोडीला रोटरी डिस्क व्हॉल्व्ह आणि जादा ट्रान्सफर पोर्ट. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिले, लिटरला २००. तेवढे सुपरचार्जरशिवाय कुणीच काढले नव्हते. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या रेसनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि एमझेडचं ज्ञान सुझुकीकडे पोचलं. १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद डेगनरने सुझुकीवर जिंकलं. आपल्याकडे पुढे आलेल्या जपानी टू-स्ट्रोकच्या पाइपांत काडेनच्या लाटा आहेत, एवढं आरएक्सवाल्यांनी लक्षात ठेवावं. काडेनला त्याच्या हयातीत मिळायला हवं होतं तेवढं श्रेय मिळालं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

रेसबाहेर विक्रमांसाठी सुपरचार्जर वापरायला मोकळीक होती. आपल्या वडिलांच्या पिढीला माहीत असलेल्या लॅम्ब्रेटाने १९५१ मध्ये सुपरचार्जर लावलेल्या, माशासारखं कवच घातलेल्या १२५ सीसी गाडीवर ताशी २०० किलोमीटरची रेषा ओलांडली. चालवणारा रोमोलो फेर्री. सरळ रस्त्यावर, थोडा वेळ, एकाच वेगाला. सुपरचार्ज्ड छोट्या टू-स्ट्रोकसाठी याहून सोयीची परीक्षा नाही. गावातून लायब्ररीला जायचं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

आता टर्बोकडे येतो. गेट व्हॉल्व्हचा प्रयोग समजला असेल तर एक गोष्ट आपोआप कळेल. साध्या पिस्टन-पोर्ट इंजिनाला पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरपेक्षा टर्बो जास्त मानवतो. सुपरचार्जर फक्त इनटेककडे दाब वाढवतो, एक्झॉस्ट मोकळाच राहतो. टर्बोचं टर्बाइन मात्र एक्झॉस्टच्या वाटेत बसलेलं असतं. ते अडवतं, बाहेरचा दाब वाढवतं, आणि त्याच दाबातून फिरून आतला दाबही वाढवतं. दोन्ही बाजू एकदम वर जातात. इंजिनाला वाटतं आपण जास्त घट्ट हवेच्या गावात आलो आहोत. म्हणून टर्बाइन एक्स्पान्शन चेंबरच्या नंतर बसवतात, आधी नाही. आधी बसवलं तर लाटा टर्बाइनमध्येच मोडतात आणि पाइप निकामी होतो.

मग आरएक्सला का नाही? मापामुळे. ९८ सीसी, ७५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ७३५ लिटर हवा. गडहिंग्लजच्या मुलाने आणलेला टर्बो ज्या १.३ लिटर डिझेलवर होता ते इंजिन ४००० आरपीएमला स्वतःचं स्ट्रोकचं आकारमान धरूनच २६०० लिटर मागतं, आणि टर्बोने दाब दुप्पट केला की मोकळ्या हवेच्या हिशेबात ५२०० लिटर. आरएक्सचा एक्झॉस्ट त्या टर्बाइनला वारा घालेल, फिरवणार नाही. जपानी ६६० सीसी गाड्यांचे टर्बो त्याहून लहान असतात, तरी ते ९८ सीसीच्या कितीतरी पट मोठेच. चाक लहान करत जावं तर चाक आणि केसिंगमधली फट त्या प्रमाणात लहान करता येत नाही आणि हवा फटीतूनच परत फिरते. त्यात एका सिलिंडरचा एक्झॉस्ट म्हणजे ठोके. टर्बाइनला ठोका, विश्रांती, ठोका.

टर्बोच्या बेअरिंगला दाबाने ऑइल लागतं, तेही टू-स्ट्रोकमध्ये नाही. आरएक्सचा ऑइल पंप थेंबाथेंबाने इनटेकला ऑइल देतो, ते जळून जातं. टर्बोसाठी वेगळी टाकी, वेगळा पंप, परतीची नळी. शिवाय क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकचं क्रँककेस आधीच पंपाचं काम करतं, त्यावर बूस्ट चढवला की सील बाहेर ढकललं जातं. आमच्या बाकावर मॅग्नेटोकडच्या सीलला लेथवर रिंग काढून मागून टेकू द्यावा लागला. सीलमधून हवा गळली की मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणाचं टू-स्ट्रोक धरतं, म्हणजे पिस्टन जाम होतो, हे सांगायला मेस्त्री लागत नाही.

उष्णता हा सगळ्यांत निर्दयी भाग. अर्धा बार बूस्टसाठी ७३५ लिटर हवा दाबायची तर साधारण ६० टक्के कार्यक्षमतेच्या छोट्या काँप्रेसरला ९०० वॉट लागतात, सव्वा हॉर्सपॉवर, आणि हवा ६० अंशांनी तापते. (ऑनलाइन मिळणारे पंख्यासारखे ‘इलेक्ट्रिक टर्बो’ विचारणाऱ्यांना एवढंच पुरे. हेडलाइटचा बल्ब ३५ वॉटचा असतो.) टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, पिस्टनला उसंत नसते, आणि एक्झॉस्टकडची बाजू कायम भाजत असते. ताजं मिश्रणच त्याला थंड करतं. तेच मिश्रण ६० अंश गरम आणि मे महिन्यातली आपली हवा, वर हवेवर थंड होणारा ब्लॉक. पिंगिंग, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी आपोआप फुटणं, सुरू झालं की पिस्टनच्या माथ्यावर वाळू मारल्यासारखे खड्डे पडतात आणि मग भोक. असे पिस्टन माझ्याकडे खोक्यात ठेवले आहेत. कुणी टर्बोचा विषय काढला की आधी ते हातात देतो.

हे सगळं ओलांडून काम करणारी इंजिनं जगात आहेत. एक तर मिरजेला बघता यायचं. हुबळी शेडचं डब्ल्यूडीजी ४ लोकोमोटिव्ह मालगाडी घेऊन यायचं, त्यात अमेरिकन ईएमडीचं १६ सिलिंडरचं, ४००० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक डिझेल आहे. एकेक सिलिंडर ११ लिटरहून मोठा. त्यात हवा खालच्या पोर्टांतून येते आणि जळका वायू हेडमधल्या चार एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून वर जातो. व्हॉल्व्ह कॅमवर चालतात, त्यामुळे दार कधी लावायचं हे डिझायनरच्या हातात. क्रँककेस हवा दाबत नसल्याने त्यात फोर-स्ट्रोकसारखं ऑइल राहतं. पण मग इंजिन सुरू होताना हवा कोण भरणार? म्हणून त्याचा टर्बो कमी वेगाला गिअरने क्रँकला जोडलेला असतो, आणि एक्झॉस्टचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटून टर्बो स्वतःच्या दमावर फिरतो. मिरजेच्या फलाटावर मी त्यासाठी मुद्दाम थांबायचो. आणि पेट्रोल नसून डिझेल आहे, म्हणजे आरपार जाते ती नुसती हवा.

हा मुद्दा छोट्या इंजिनांना थेट लागू आहे. आरपार जाणाऱ्या हवेत पेट्रोलच नसेल तर निम्मी भीती जाते. आकुर्डीच्या बजाजने ऑर्बिटल या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या तंत्रावर टू-स्ट्रोक जीडीआय रिक्षा काढली होती. एक्झॉस्ट मिटत आल्यावर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. धूर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी केलेली ती योजना होती, पण फोर्स्ड इंडक्शनचा रस्ताही त्यातूनच जातो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये रोटॅक्सचं ८५० सीसी, दोन सिलिंडरचं, थेट फवारणीचं टू-स्ट्रोक टर्बोसह कारखान्यातून दिलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीत असं प्रथमच होत होतं. त्यांनी जास्तीच्या पॉवरचा हव्यासही धरला नाही. समुद्रसपाटीचे १६५ हॉर्सपॉवर ८००० फुटांपर्यंत तसेच राहावेत, एवढंच मागितलं. त्या उंचीवर हवेचा दाब तीन चतुर्थांश उरतो. उरलेला पाव टर्बोने भरून काढायचा. ८५० सीसी आणि ८००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ६८०० लिटर, तिथे टर्बो मापाने बसतो. पुढच्याच एक-दोन वर्षांत पोलारिसही त्याच वाटेने आलं. आरएक्स घेऊन लेहला जाणारी पोरं बघितली की मला ही गाडी आठवते. तिथे हवेचा दाब खालच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो आणि बूस्टची खरी गरज तिथे आहे, हायवेवर नाही.

गडहिंग्लजच्या मुलाचा टर्बो मी त्याला परत दिला आणि त्याच्या आरएक्सला कोन कापून, गॅस वेल्डिंगने शिवून एक पाइप करून दिला. पोर्टच्या उंचीवरून लांबी काढली होती. त्याच्या हातात आता काडेनचा सुपरचार्जर आहे आणि तो खूश आहे.

मी मात्र थांबलेलो नाही. बाकावरचं आरएक्स उतरवलं आहे. आता तिथे दोन लुनाचे ब्लॉक शेजारी-शेजारी बसवतो आहे, डीकेडब्ल्यूच्या धर्तीवर. दोन्ही क्रँक साखळीने जोडलेले, एक दुसऱ्याच्या १५ ते २० अंश पुढे. पुढच्या ब्लॉकचे ट्रान्सफर बुजवलेले, मागच्याचा एक्झॉस्ट बुजवलेला, वर एकच हेड. हवा दुधाच्या पंपातून, थेट ट्रान्सफरला. हेडचा लाकडी पॅटर्न तयार आहे आणि फाउंड्रीत ओतायला दिला आहे. स्प्रॉकेटला लांबट भोकं ठेवली आहेत, म्हणजे पुढे-मागेचा कोन बदलून प्रत्येक वेळी यू नळी आणि ताणकाटा दोन्ही वाचता येतील. लुना टीएफआरचा एक क्रँक माझ्याकडे चांगल्या स्थितीत आहे, दुसऱ्याची बिग एंड गेलेली आहे. कुणाच्या माळ्यावर न वापरलेला क्रँक पडून असेल तर सांगा, रास्त किंमत देईन, आणि इंजिन पेटेल त्या दिवशी शेडमध्ये या.